पळसाच्या पानाची कड: हाताने घडवलेल्या दागिन्यांच्या कडा गुळगुळीत कशा करायच्या

चार वर्षांपूर्वी मी मावशीला पितळेचं एक ब्रोच करून दिलं. घरच्या लग्नात तिने ते हौसेने करवत काठी टसरच्या पदरावर लावलं. रात्री काढताना ब्रोचची मागची कड पदरात अडकली आणि टसरचा एक धागा वीतभर ओढला गेला. त्या साडीच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून तिला करवत काठी म्हणतात. माझ्या ब्रोचच्या मागे तर खरेच दाते होते. समोरून ते आरशासारखं चमकत होतं, कारण मी त्यावर दोन तास बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, मारला होता. मागच्या कडेकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. मावशी काही बोलली नाही, साडी रफूला गेली आणि मला ती गोष्ट लागून राहिली.

तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. बहुतेक नवशिके कडा सगळ्यात शेवटी, पॉलिशच्या आधी पाच मिनिटं घासतात. माझा अनुभव असा की पत्रा कापला की लगेच, वाकवण्याआधी, ठोकण्याआधी, झाळण्याआधी (म्हणजे सोल्डरने जोडण्याआधी) कड पूर्ण करावी. याची कारणं दोन. एक म्हणजे सपाट तुकड्याच्या कडेला कानस सगळीकडून पोचते. तोच तुकडा वाटीसारखा खोलगट केला की आतली बाजू हाताला लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पत्रा वाकताना कडेवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि कडेला करवतीचा एखादा खोल ओरखडा राहिला असेल तर चीर नेमकी तिथूनच सुरू होते. पितळ ठोकताना अचानक तडकलं की आपण धातूला दोष देतो. पुष्कळदा दोष कडेचा असतो.

पॉलिशने कड सुधारत नाही. पॉलिश आहे तेच चकचकीत करतं. कडेला बर, म्हणजे वर उठलेली बारीक धार, असेल तर तोही चकाकतो.

या लेखात आपण एकच जोडी घडवत पुढे जाऊ: तांब्याची, पळसाच्या पानाची कानातली, चांदीच्या हुकांसकट. पळसाला पानं तीनच. त्यातलं मधलं घ्या. खाली निमुळतं, वर रुंद आणि गोलसर, टोकाला बहुधा हलकी खाच. शिकायला हा आकार फार चांगला आहे. बाहेरचा बाक, जवळजवळ सरळ बाजू आणि आत शिरणारा कोपरा, तिन्ही त्यात येतात.

सामान

पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा घ्या. दुकानात गेज सांगण्यापेक्षा मिलिमीटर सांगा. अमेरिकन मापात २० गेज म्हणजे ०.८१ मिमी, ब्रिटिश मापात तोच आकडा ०.९१ मिमी होतो, आणि व्हिडिओ पाहून गेलेला माणूस हमखास वेगळीच जाडी घेऊन येतो. पत्रा ०.५ मिमीपेक्षा पातळ असेल तर कडेला गोलाई द्यायला जागाच उरत नाही, कितीही घासलं तरी ती पात्यासारखी राहते.

कानशी दोन प्रकारच्या लागतात. एक सहा इंची, एका बाजूने चपटी आणि दुसरीने अर्धगोल. दुसरा सुई कानशींचा संच: चपटी, गोल, अर्धगोल, तिकोनी. चांगल्या स्विस पद्धतीच्या कानशींवर ०, २, ४ असे आकडे असतात. आकडा वाढतो तसे दाते बारीक होतात. एकच घ्यायची असेल तर २ नंबरची घ्या. हिऱ्याचे कण चिकटवलेल्या स्वस्त कानशी तांब्या-चांदीवर वापरू नका. त्या कापत नाहीत, ओरखडतात, आणि मऊ धातूने लगेच भरून जातात. काच आणि खडे घासायला त्या ठीक. मोठ्या कानशीला लाकडी मूठ बसवल्याशिवाय ती हातात घेऊ नका, कारण तिचं मागचं टोकदार शेपूट तळहातात शिरू शकतं.

याशिवाय ४००, ६००, ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), पांढरा खडू, पितळी तारांचा ब्रश, काळा मार्कर, आइसक्रीमच्या चार काड्या, जुन्या हवाई चपलेचा एक तुकडा आणि मूठभर कापूस. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. टेबलाला एक बेंच पिन हवी, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खाच असलेली लाकडी फळी. कानशी-कागद नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत मिळतात आणि सोनारी हत्यारं सराफ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत. एका फेरीत काम होतं.

कापतानाच अर्धी कड तयार होते

कात्रीने पत्रा कापला की कड एका बाजूला दबते, दुसऱ्या बाजूला वर येते आणि तुकडा किंचित पिळतो. ती कड सरळ करायला जेवढा वेळ जातो, त्यापेक्षा कमी वेळात करवतीने कापून होतं. म्हणून पानासाठी सोनारी करवतच घ्या. ०.८ मिमी पत्र्याला २/० नंबरचं पातं चालतं. पत्र्याच्या जाडीत पात्याचे निदान दोन दाते बसले पाहिजेत, नाहीतर पातं अडकतं आणि तुटतं.

रेषेवर कापू नका, रेषेच्या बाहेरून अर्धा मिलिमीटर सोडून कापा. ती अर्धा मिलिमीटरची पट्टी कानशीची. नवशिके अगदी रेषेवर कापतात, मग करवतीचे ओरखडे काढता काढता पान लहान होत जातं आणि जोडीतली दोन कानातली दोन मापांची होतात. दोन्ही पानं एकावर एक ठेवून रबर सिमेंटने हलकी चिकटवून एकत्र घासली, तर माप चुकत नाही. बाहेरचा आकार येईपर्यंतच तशी ठेवा, मग सोडवा, कारण बर प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो.

कानस

इतवारीतल्या एका कारागीर काकांकडे मी वर्षभर शिकायला जात होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसती तांब्याची पट्टी घासायला दिली. मी लाकूड घासावं तशी कानस पुढेमागे करत होते. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "कानस जाताना कापते, पोरी. येताना नाही कापत. मग येताना काहून दाबून राहिली?"

यातच कानशीचं अर्धं शास्त्र आलं. दाते पुढच्या दिशेला झुकलेले असतात. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे येताना कानस उचलायची किंवा नुसती तरंगत आणायची. मागे दाबून ओढली तर दात्यांची टोकं बोथट होतात आणि सुटलेला कीस कडेवर घासून नवे ओरखडे पडतात.

मार्करने पानाची पूर्ण कड काळी करा. तुकडा बेंच पिनच्या खाचेवर असा धरा की घासायची कड लाकडाच्या जेमतेम बाहेर राहील. हवेत धरलेला पत्रा थरथरतो, आणि थरथरीचे बारीक आडवे वळ कडेवर उमटतात. ते एकदा उमटले की त्यांच्यावरून जाताना कानस पुन्हा उड्या मारते आणि ते खोल होत जातात. तसं झालं तर कानशीचा कोन बदला, तिरकी चालवा.

बाहेरच्या बाकाला चपटी बाजू वापरा. सगळं कौशल्य मनगटात आहे. कानस पुढे जात असताना ती बाकाबरोबर वळली पाहिजे, म्हणजे एका झटक्यात एक लांब चाल आणि थोडं वळण. एकाच जागी सरळ घासलं तर तिथे सपाट पट्टा पडतो. असे चार-पाच पट्टे पडले की गोल पान बहुकोनी दिसायला लागतं. पान खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. गोलाई खरी असेल तर उजेडाची चमक कडेवरून सरकत जाते. पट्टा असेल तर तो एकदम लखकन चमकतो आणि विझतो. मार्करचा काळा रंग जिथे राहिला ती जागा अजून खोलगट आहे. तिथे कोरू नका, आजूबाजूचा भाग खाली आणा.

आत वळणाऱ्या बाकाला अर्धगोल कानस. नियम एकच: कानशीचा बाक पानाच्या बाकापेक्षा थोडा घट्ट हवा. जास्त उघडा असला तर तिच्या दोन्ही कडा धातूत रुततात.

तांबं चिवट असतं, कीस दात्यांत अडकून बसतो आणि मग तोच कीस पत्र्यावर खोल रेघ ओढतो. म्हणून सुरू करण्याआधी कानशीवर खडू घासा. दात्यांमधली जागा खडूने भरली की धातू तिथे घट्ट बसत नाही. दर दहा-बारा चालींनंतर पितळी ब्रश दात्यांच्या रेषेच्या दिशेने फिरवा. पितळ यापेक्षा खूप सोपं, त्याचा कीस वाळूसारखा गळून पडतो. चांदी दोघांच्या मधली. अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र वेगळीच कानस ठेवा. ते दात्यांत लिंपलं जातं, आणि त्याचा किंवा शिशाच्या झाळीचा कण चांदीवर राहून ती तापली तर तो चांदीत खड्डा पाडतो.

करवतीची एकही उभी रेघ दिसेनाशी झाली की कानस खाली ठेवा. त्याआधी कागद उचलू नका. कानशीने दोन मिनिटांत जाणारा ओरखडा कागदाने वीस मिनिटं घेतो.

बर

आता बोट जपून कडेवरून आडवं न्या, पत्र्याच्या सपाट बाजूकडून बाहेरच्या दिशेला. केसाएवढी बारीक, वर उचललेली धार लागेल. हा बर. कानशीने ढकललेला धातू सगळाच तुटून पडत नाही. थोडा दोन्ही बाजूंना वळून लोंबत राहतो. मावशीच्या साडीचा धागा यानेच ओढला होता.

बर काढायला २ किंवा ४ नंबरची चपटी सुई कानस घ्या. ती पत्र्याच्या पृष्ठाशी साधारण ४५ अंशांत धरून कडेच्या लांबीने हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. दाब जवळजवळ नकोच. आवाज ऐका. बर असेपर्यंत खरखर येते, तो गेला की आवाज मऊ होतो. मग तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूला तेच. उलटी बाजू विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि कानाला, मानेला, मनगटाला नेमकी तीच बाजू लागते.

४५ अंशांच्या त्या चार चालींनी कडेला एक अगदी बारीक तिरका पट्टा पडतो आणि काटकोनातली धार मोडते. दागिना ठसठशीत, टोकदार रेषांचा हवा असेल तर इथेच थांबता येतं. कोर डोळ्यांना तीक्ष्ण दिसते, कातडीला टोचत नाही. पानाला मात्र गोलाई शोभते. त्यासाठी ४५ अंशांच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २० आणि ७० अंशांत आणखी एकेक हलकी चाल द्या. आता कडेच्या प्रत्येक बाजूला तीन छोटे पट्टे असतील. उरलेली गोलाई कागद देतो.

एक गोष्ट कळायला मला फार दिवस लागले. बर दाबून बसवता येतो. पोलादी ओपणीने (दाबून चमक आणायच्या गुळगुळीत हत्याराने) किंवा स्टीलच्या गोळ्यांच्या टंबलरने, म्हणजे फिरत्या डब्याच्या यंत्राने, कड दाबली की बर पत्र्याला चिकटून बसतो आणि हाताला गुळगुळीत लागतं. पण तो गेलेला नसतो, झोपलेला असतो. दागिना महिनाभर वापरात राहिला की एखादा कोपरा पुन्हा उठतो. म्हणून टंबलर असला तरी आधी बर कापून काढा.

खाच आणि भोक

पानाच्या टोकाच्या खाचेत तिकोनी सुई कानस उभी धरा, कोपऱ्यापर्यंत न्या आणि प्रत्येक चालीनंतर थांबून पाहा. कोपऱ्याच्या तळाशी करवतीने जास्त खोल चीर पाडली असेल तर दोन्ही बाजू घासून खाच मोठी करावी लागते. ती चीर तशीच सोडलीत तर पान वाकवताना तिथूनच फाटेल.

हुकासाठी १ मिमीचं भोक पाडलं की त्याच्या मागच्या तोंडाला बर येतो, कधी पुढच्याही. ३ मिमीचं ड्रिल बिट नुसतं बोटांत धरून भोकाच्या तोंडावर दोन-तीन वेढे फिरवा. मशीन लावू नका, क्षणात भोकाची वाटी होते. हे केलं नाही तर भोकाची धार हुकाच्या तारेला रोज थोडी थोडी कापत राहते आणि वर्षभरात तार तिथे बारीक होते. जाळीकाम असेल, जिथे कानसही शिरत नाही, तिथे सुती दोऱ्यावर पॉलिशचा साबण घासा, दोरा खिळ्याला बांधा, जाळीतून ओवून ताणून धरा आणि तुकडा दोऱ्यावर पुढेमागे न्या. सोनारांची ही फार जुनी पद्धत आहे, तिला यंत्राचा पर्याय मला अजून सापडलेला नाही.

कागद, काडी आणि चप्पल

कागदाच्या मागे काय आहे त्यावर कडेचा आकार ठरतो. आइसक्रीमच्या काडीला घट्ट गुंडाळलेला कागद कडक असतो, तो रेषा सरळ आणि कोर तीक्ष्ण ठेवतो. हवाई चपलेच्या रबराच्या तुकड्याभोवती गुंडाळलेला तोच कागद कडेवर दाबला की थोडा दबतो, कडेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो, आणि पट्ट्यांचे सांधे आपोआप मिटतात. पळसाच्या पानाला रबर, भौमितिक आकारांना काडी. नुसता कागद बोटावर घेऊन घासू नका. बोटाचा दाब असमान असतो, पत्र्याला लाटा येतात.

४०० पासून सुरू करा. कागद थोडा ओला ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही आणि कागद भरत नाही. ४०० कडेच्या लांबीने चालवा, ६०० आडवा, ८०० पुन्हा लांबीने. दिशा बदलण्याचं कारण इतकंच की आधीच्या नंबरचे ओरखडे नव्या ओरखड्यांत उठून दिसतात. एकाही आडव्या रेघेचा मागमूस उरला नाही की पुढचा नंबर. नंबर बदलताना तुकडा आणि हात पाण्याने धुवा, कारण ४०० चा एक कण ८०० च्या कागदाखाली गेला तर मागचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. रोजच्या वापराच्या कानातल्यांना ८०० पुरतो. आरशासारखी कड हवी असेल तर १२०० आणि मग बफ.

आता पान हलकं वाकवा किंवा शिरा ठोका. ठोकल्यावर कड थोडी पसरते, क्वचित नवी धार येते. चपलेवरचा ८०० एकदा फिरवून घ्या.

ओप

बफच्या चाकाविषयी फार लिहीत नाही. ते कडेवर वाजवीपेक्षा जास्त खातं, बारीक तुकडा हातातून हिसकावतं, आणि ओढणी किंवा मोकळे केस जवळ असतील तर धोक्याचं आहे. कडेला ओप देण्यासाठी मला ओपणीच आवडते. पोलादाची घ्या नाहीतर अकीकाची, पण तिचं स्वतःचं तोंड निर्मळ हवं. त्यावरचा चरा दागिन्यावर उतरतो. भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा आणि कडेवर छोट्या, एकमेकांवर चढणाऱ्या चालींनी दाबत जा. ओपणी धातू काढत नाही, त्याची वरची कातडी दाबून घट्ट करते, त्यामुळे कड लवकर चरत नाही.

अकीक हातात घेतला की मला माहुरझरी आठवते. नागपूरजवळच्या या गावी हजारो वर्षांपूर्वी अकीक आणि कार्नेलियनचे मणी घडवले जात. तिथल्या महापाषाणयुगीन दफनांत घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकारही सापडले आहेत. आपल्या मातीत तांब्याच्या पत्र्याचं काम इतकं जुनं आहे, हे काम करताना मला बळ देतं.

हुक: इथे चूक चालत नाही

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. हुकाचं टोक वाईट असेल तर आपण रोज कान टोचत असतो, तोही न शिकता.

०.८ मिमीची चांदीची तार घ्या. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे, आणि अनेकांच्या कानाला निकेल सोसत नाही. तार कटरने कापली की टोक छिन्नीसारखं होतं, दोन्हीकडून चिमटलेलं. ते टोक भिंगातून एकदा पाहा. दोन उतरत्या बाजू, मध्ये वेडीवाकडी धार, आणि त्या धारेच्या एका टोकाला काट्यासारखा निघालेला कण. कानाच्या भोकात हाच काटा जातो.

आधी टोक ४ नंबरच्या सुई कानशीवर उभं धरून सपाट करा, काटकोनात. मग तार बोटांत फिरवत टोकाच्या गोल धारेवर कानस ४५ अंशांत लावा. पेन्सिलीला टोक काढतो तसं, पण टोक काढायचं नाही, खांदे उतरवायचे. टोकदार हुक भोकात सहज जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो भोकाची वाट चुकून बाजूच्या कातडीत शिरतो. टोक हरभऱ्याच्या डाळीच्या पाठीसारखं गोल हवं. मग ६०० चा कागद दुमडून तळहातावर धरा, टोक घडीत खोचा आणि दुसऱ्या हाताने तार वीस-पंचवीस वेळा गोल फिरवा. मग ८००, मग १२००. टोकाला इवलीशी वाटी असलेली बिट मिळते, ती तारेच्या टोकावर बसवून फिरवली की पहिलं काम झटपट होतं. कागदाची पायरी तिच्यानंतरही हवीच.

शेवटी हुकाचा बाक वळवा आणि त्याच्या पाठीवर गुळगुळीत हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, म्हणजे तार ताठ होईल. जो भाग कानातून जातो तिथे ठोकू नका. चपट्या तारेला दोन नव्या कडा येतात.

कापसाची परीक्षा

काका बोटाने तपासलेली कड मानत नसत. "बोटाले नको विचारू. बोट खोटं बोलते. कापसाले विचार." खरं आहे. कानस चालवणाऱ्याची बोटं निबर होतात, आणि आपण बर दाबून पुढे जातो. कापसाचा तंतू जात नाही.

विदर्भात कापसाला तोटा नाही. एक पुंजका घ्या, हलक्या हाताने कडेवरून पूर्ण फेरी मारा, आधी घड्याळाच्या दिशेने, मग उलट. एका दिशेने झोपलेला बर दुसऱ्या दिशेने तंतू पकडतो. पान उजेडात धरा. जिथे पांढरा केस लोंबतोय तिथे मार्करचा ठिपका द्या आणि परत ८००. हुकाचं टोक कापसात खुपसून फिरवत बाहेर काढा. एकही तंतू सोबत यायला नको. कापूस पास झाला की दागिना स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर आणि कानामागे फिरवून पाहा, तिथली कातडी पातळ असते.

अंगठी, कडं आणि झाळलेल्या जागा

अंगठीत बाहेरच्या कडेपेक्षा आतली कड मोलाची. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बोटं फुगतात, आणि थंडीत बरोबर बसलेली अंगठी रुतायला लागते. रुंद पट्टीच्या अंगठीला आतून अर्धगोल कानशीने दोन्ही कडांना चांगला उतार द्या. उघड्या तोंडाच्या कड्याची दोन टोकं मनगटावरून घासत आत जातात, त्यांना बाकी कडेपेक्षा दुप्पट गोलाई द्या, आणि ती वळवण्याआधी, पट्टी सपाट असतानाच.

झाळ दिल्यावर कडेला लगेच कानस लावू नका. झाळताना लावलेला टाकणखार (बोरॅक्स) तापून काचेसारखा घट्ट होतो आणि ती काच कानशीचे दाते खाते. आधी तुकडा गरम पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात ठेवून टाकणखार आणि काळेपणा उतरू द्या. तुकडा तांब्याच्या किंवा लाकडी चिमट्यानेच काढा. लोखंडी चिमटा बुडवला तर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. लक्षात ठेवा की तापलेला धातू मऊ पडलेला असतो, कानस नेहमीपेक्षा हलकी चालवा.

कीस आणि कानशींची काळजी

मांडीवर चामडं किंवा टेबलाखाली ट्रे ठेवा. चांदीचा कीस वेगळ्या डबीत, तांब्या-पितळेचा वेगळा. चांदीच्या डबीतून लोहचुंबक फिरवला की कानशीचे आणि पात्याचे कण निघतात. सराफ्यात झारेकरी दुकानांचा केर धुऊन सोनं-चांदी काढत आले आहेत. आपल्या टेबलावरचा कीस त्याहून कितीतरी स्वच्छ असतो, तो फेकू नका. पितळेच्या धुळीत शिसं असू शकतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका.

उन्हाळ्यात कानशी कुलरच्या झोतासमोर ठेवू नका. त्या ओल्या हवेत आठवड्याभरात दात्यांवर गंज येतो आणि तो पत्र्यावर घासला जातो. एकमेकींवर आपटणार नाहीत अशा कापडी गुंडाळीत, कपाटात ठेवा.

झालेल्या दागिन्याची कड दुरुस्त करायची असेल तर

मावशीचं ब्रोच मी मागून घेतलं. खोलगट झालेल्या, मागे पिन झाळलेल्या तुकड्याच्या आतल्या कडेला मोठी कानस पोचत नव्हती. तेव्हा जाड कागदाच्या चार घड्या करून त्यावर ४०० चा वॉटर पेपर चिकटवला, बोटभर पट्टी कापली आणि पिन आड येणार नाही अशा छोट्या छोट्या टप्प्यांत कड आतून घासली. पिनेच्या पायथ्याशी तिकोनी सुई कानस आडवी धरून बर खरडला. मग ६००, ८०० आणि ओपणी. तीन संध्याकाळी गेल्या. सपाट असताना हेच काम अर्ध्या तासाचं होतं. पिनेचं टोकही हुकासारखं कागदाच्या घडीत फिरवून घेतलं, पण तिथे थोडं निमुळतं ठेवलं, कारण पिनेने विणीच्या दोन धाग्यांमधून वाट काढायची असते.

परत देण्याआधी कापूस फिरवला, मग घरातल्या एका जुन्या टसरच्या तुकड्यावर ब्रोच दहा वेळा लावून काढलं. नवव्या वेळी एक तंतू अडकला, पिनेच्या कुलपाच्या टोकाला, जिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ते टोक घासून पुन्हा दहा वेळा लावलं. तेव्हापासून कुलूप, कडी, साखळीचं शेवटचं बोंड, सगळ्यांवर मी आधी मार्कर फिरवते.